जे. बी. एस. हॉल्डेन

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन (जन्म : ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड, इंग्लंड, मृत्यू : १ डिसेंबर १९६४, भुवनेश्वर, ओडिशा) हे ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आनुवंशिकीविज्ञ, जीवमितिशास्त्रज्ञ व विज्ञानलेखक होते. डार्विनच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला गणिताची बैठक देणाऱ्या तीन प्रमुख शास्त्रज्ञांत रोनाल्ड फिशर आणि स्यूअल राइट यांच्याबरोबर त्यांची गणना होते. खोल पाण्यातील दाब, विषारी वायू आणि कडाक्याची थंडी यांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम शोधण्यासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनेक धोकादायक प्रयोग केले. या प्रयोगांची सुरुवात त्यांच्या बालपणातच झाली होती. वयाच्या तेराव्या वर्षी, १९०६ मध्ये, वडिलांच्या परवानगीने त्यांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडी घेतली होती. लहान मुलांना खोल पाण्यात उतरू द्यावे की नाही, या आजच्या चर्चेच्या दृष्टीने ही घटना उद्‌बोधक ठरते.

कुटुंब व बालपण

हॉल्डेन घराणे मूळचे स्कॉटलंडमधील. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) हे ऑक्सफर्ड येथे शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक होते. श्वसनक्रिया आणि रक्तातील वायू हा त्यांचा अभ्यासविषय. आई लुइसा कॅथलीन या करारी स्वभावाच्या व ठाम राजकीय मतांच्या होत्या. चुलते रिचर्ड बर्डन हॉल्डेन हे ब्रिटनचे युद्धमंत्री व पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाले. धाकटी बहीण नेओमी (१८९७–१९९९) पुढे नेओमी मिचिसन या नावाने लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली.

घरात त्यांना जॅक म्हणत. वडिलांची प्रयोगशाळा घरालाच लागून असल्यामुळे विज्ञान हा जॅकच्या दृष्टीने शाळेतला विषय नव्हता, तर घरातला नित्य व्यवहार होता. तो अगदी लहान वयात वाचायला शिकला. वडिलांना वायूंचे विश्लेषण करताना पाहणे, नोंदी घेण्यास हातभार लावणे, प्रसंगी स्वतःचे रक्त तपासणीसाठी देणे, हे सर्व तो आवडीने करीत असे. वयाच्या आठव्या वर्षी वडिलांनी त्याला मेंडेलच्या नियमांवरील एका व्याख्यानास नेले. मेंडेलचे कार्य त्याच सुमारास पुन्हा उजेडात आले होते. आनुवंशिकीचे जे बीज त्या दिवशी पडले, ते पुढे आयुष्यभर वाढत राहिले.

खाणीतील धडे

जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा विशेष अभ्यास केला होता. स्फोटानंतर खाणीत अडकलेले बहुतेक कामगार भाजून मरत नाहीत, तर कार्बन मोनॉक्साइड या वायूमुळे मरतात, हे त्यांनी दाखवून दिले. खाणीत उतरताना बरोबर लहान पक्षी ठेवावा म्हणजे विषारी वायूची पूर्वसूचना मिळते, ही पद्धत त्यांच्याच सूचनेवरून रूढ झाली. अशा पाहणीसाठी ते जॅकलाही भूगर्भात घेऊन जात.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील एका खाणीत घडलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. एका भागात छताच्या बाजूला मिथेन वायू साचला होता. वडिलांनी मुलाला तेथे ताठ उभे राहून शेक्सपिअरच्या ज्यूलियस सीझर या नाटकातील मार्क अँटनीचे भाषण म्हणण्यास सांगितले. थोड्याच वेळात त्याला धाप लागली, पायांतील बळ गेले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा मात्र श्वसनयोग्य होती, त्यामुळे तो लगेच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर साचतो, हा धडा त्याला पुस्तकाविना मिळाला. वडील शेजारीच होते आणि खाली पडल्यास मुलगा शुद्ध हवेतच येईल हे त्यांना ठाऊक होते. तथापि मुलाला धोक्याच्या इतक्या जवळ नेणे योग्य होते काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या वाचकांना पडल्यावाचून राहत नाही.

पाणबुड्यांवरील संशोधन

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश नौदलातील पाणबुडे (पाण्यात बुडी घेऊन काम करणारे) एका विचित्र व्याधीने ग्रासले जात. पाण्याखाली असेपर्यंत त्यांना काही होत नसे. वर आल्यानंतर सांधे तीव्रतेने दुखू लागत, काहींना पक्षाघात होई, तर काहींचा मृत्यूही ओढवे. पुलांच्या पायांसाठी दाबयुक्त हवेच्या पेटीत काम करणाऱ्या मजुरांनाही हाच त्रास होई. या व्याधीला विसंपीडन व्याधी म्हणतात.

तिचे कारण पुढीलप्रमाणे आहे. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, तर १० मीटरवर दोन आणि २० मीटरवर तीन वातावरणे होतात. पाणबुड्याला तेवढ्याच दाबाची हवा पुरवावी लागते, अन्यथा त्याला छाती फुगवून श्वास घेता येणार नाही. वाढत्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच जसे बुडबुडे सुटतात, तसे नायट्रोजनचे बुडबुडे शरीरात तयार होतात.

नौदलाने नेमलेल्या समितीत जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा समावेश झाला. त्यांनी आर्थर बॉयकॉट आणि नौदलाचे लेफ्टनंट जी. सी. सी. डॅमंट यांच्या साहाय्याने लंडनच्या लिस्टर संस्थेतील पोलादी दाबकक्षात प्रथम शेळ्यांवर प्रयोग केले. दाब एकदम निम्म्यावर आणला तरी सहसा अपाय होत नाही, असे त्यांना आढळले. यावरून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत बसवली. पाणबुड्याने आधी बरेच अंतर लवकर वर यावे आणि नंतर ठरावीक खोलीवर ठरावीक वेळ थांबत थांबत पृष्ठभाग गाठावा, असे तिचे स्वरूप होते. यासंबंधीचा निबंध व वेळापत्रके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आज स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांच्या मनगटावरील संगणक जे गणित करतो, त्याचे मूळ या वेळापत्रकांत आहे.

१९०६ मधील बुडी

शेळ्यांवरील निष्कर्ष माणसांना लागू पडतात काय, हे पाहण्यासाठी ऑगस्ट १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्यूट बेटाच्या परिसरात स्पँकर या नौदलाच्या जहाजावरून चाचण्या घेण्यात आल्या. डॅमंट आणि नौदलातील अँड्र्यू कॅटो या दोघांनी या चाचण्यांत २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोली गाठली आणि नव्या पद्धतीने ते सुखरूप वर आले. हॉल्डेन कुटुंब त्या वेळी तेथेच होते. जॅकला बुडी घेण्याची संधी याच मोहिमेत मिळाली.

त्या काळी पाठीवर हवेची टाकी बांधण्याची आजची पद्धत अस्तित्वात नव्हती. रबर लावलेल्या जाड कापडाचा अंगभर पोशाख, तांब्याचे अवजड शिरस्त्राण, छातीपाठीवर शिशाची वजने आणि शिशाच्या तळव्यांचे बूट असा पाणबुड्याचा साज असे. जहाजावरील माणसे हातपंपाने हवा सोडत आणि ती रबरी नळीतून शिरस्त्राणात पोहोचे. हा पोशाख प्रौढ खलाशांच्या मापाचा होता. पाणी आत शिरू नये म्हणून त्याच्या बाह्यांची टोके मनगटावर घट्ट बसणे आवश्यक असते. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनगटावर ती तशी बसली नाहीत.

जॅकला सुमारे ४० फूट, म्हणजे १२ मीटर खोलीपर्यंत सोडण्यात आले. ग्रामीण महाराष्ट्रातील विहिरींच्या मापाने हे सहा-सात पुरुष पाणी होय. खाली असताना मनगटांवाटे थंड पाणी पोशाखात शिरू लागले आणि हळूहळू वर चढत गेले. अशा वेळी पाणबुड्याने ताठ उभे राहून हवेचा पुरवठा पुरेसा ठेवला, तर आतील हवेच्या दाबामुळे पाणी मानेच्या खालीच राहते. तो घाबरून आडवा झाला किंवा झडप हाताळताना चुकला, तर पाणी शिरस्त्राणात शिरण्याची भीती असते. जॅकने भान सुटू दिले नाही. झडप नीट वापरून त्याने पाणी शिरस्त्राणापर्यंत येऊ दिले नाही आणि त्याला वर ओढून घेण्यात आले. तो गारठून गेला होता. त्या काळच्या प्रथेप्रमाणे ऊब येण्यासाठी त्याला थोडी व्हिस्की पाजून अंथरुणात झोपवण्यात आले.

या घटनेत विसंपीडन व्याधीचा धोका फारसा नव्हता, कारण खोली मध्यम आणि वेळ थोडा होता. वडिलांनी ज्या धोक्याचा सखोल अभ्यास केला होता, त्यापासून मुलगा सुरक्षितच होता. संकट आले ते साध्या गोष्टीतून, मापात न बसणाऱ्या बाह्यांतून. सोबत बुडी घेणारा कोणी असल्याचा उल्लेख आढळत नाही. खाली जे करायचे ते मुलालाच करावे लागले.

शिक्षण व पहिले महायुद्ध

ऑक्सफर्डमधील शाळेनंतर जॅकने शिष्यवृत्ती मिळवून १९०५ मध्ये ईटन या प्रसिद्ध शाळेत प्रवेश घेतला. तेथे थोरल्या मुलांकडून होणारा छळ त्याने सोसला आणि त्यामुळे अधिकाराच्या दुरुपयोगाविषयी त्याच्या मनात कायमची चीड निर्माण झाली. शाळेच्या अखेरच्या काळात तो विद्यार्थिप्रमुख झाला. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये हॉल्डेन यांनी प्रथम गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान या विषयांत प्रथम वर्ग मिळवला. विज्ञान विषयाची औपचारिक पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

१९१४ मध्ये ते ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीत दाखल झाले. १९१५ मध्ये जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा वापर केल्यानंतर वडिलांवर संरक्षक मुखवट्यांच्या संशोधनाची जबाबदारी आली. आघाडीवर असलेल्या हॉल्डेन यांना त्यासाठी बोलावून घेण्यात आले. पितापुत्र आणि सहकारी वायू भरलेल्या खोलीत आळीपाळीने बसून मुखवट्यांची परीक्षा घेत. युद्धात हॉल्डेन दोनदा जखमी झाले. मेसोपोटेमियातील दुखापतीनंतर त्यांना विश्रांतीसाठी भारतात पाठवण्यात आले. या देशाशी त्यांचा तो पहिला परिचय होता.

आनुवंशिकी व उत्क्रांतीविषयक कार्य

युद्धानंतर काही काळ न्यू कॉलेजमध्ये अध्यापन करून हॉल्डेन १९२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्रपाठक झाले. रक्ताची अल्कता शरीर कशी राखते, हे शोधताना त्यांनी स्वतः अमोनियम क्लोराइडचे द्रावण पिऊन रक्त आम्लधर्मी करून घेतले आणि कित्येक दिवस धाप सोसली. या प्रयोगाचा उपयोग तान्ह्या मुलांमधील आकडीच्या एका प्रकारावरील उपचारात झाला.

१९२४ पासून त्यांनी नैसर्गिक व कृत्रिम निवडीच्या गणितावर निबंधमाला प्रसिद्ध केली. एखादे उपयुक्त जनुक समूहात किती पिढ्यांत पसरेल, याची गणना तिच्यामुळे शक्य झाली. १९२९ मध्ये त्यांनी पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या उगमाविषयी एक उपपत्ती मांडली. रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी स्वतंत्रपणे तशीच कल्पना मांडली असल्यामुळे ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. १९३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक म्हणून गेले. रक्त न गोठण्याच्या हिमोफिलिया या रोगाच्या अभ्यासातून त्यांनी १९३५ मध्ये मानवी जनुकाच्या उत्परिवर्तनाच्या वेगाचा अंदाज बांधला. काही आनुवंशिक रक्तविकार हिवतापाच्या प्रदेशातच अधिक का आढळतात, याचे उत्तर त्यांनी १९४९ मध्ये सुचवले. अशा विकाराचे एकच जनुक असलेल्या व्यक्तीला हिवतापापासून संरक्षण मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विदर्भ व नंदुरबार भागात आढळणारा सिकलसेल हा विकार समजून घेण्यासाठीही ही कल्पना उपयोगी पडली.

थेटिस दुर्घटना व दाबाखालील प्रयोग

१ जून १९३९ रोजी थेटिस ही ब्रिटिश नौदलाची नवी पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात चाचणी चालू असताना बुडाली. तिच्यावर १०३ जण होते. केवळ चौघे बाहेर पडू शकले आणि ९९ जणांचा मृत्यू झाला. मृतांत गोदीतील कामगार मोठ्या संख्येने होते. कामगार संघटनांनी आपल्या वतीने या प्रकरणाचा शास्त्रीय शोध घेण्याची विनंती हॉल्डेन यांना केली.

हॉल्डेन यांनी पाणबुड्यांची साधने बनवणाऱ्या सीब गॉर्मन कंपनीच्या लंडनमधील पोलादी कक्षात प्रयोग सुरू केले. त्यांच्याबरोबर स्पेनच्या यादवी युद्धात लढलेले चार स्वयंसेवक होते. बंद कक्षात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत गेल्यावर धाप लागते, डोके असह्य दुखते, मळमळ होते आणि विचारशक्ती मंदावते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. सुटकेच्या प्रयत्नांना विलंब झाल्यावर खलाशांची काय अवस्था झाली असेल, हे यावरून स्पष्ट झाले.

दुसऱ्या महायुद्धात नौदलाने हेच काम त्यांच्याकडे अधिकृतपणे सोपवले. दहा वातावरणांपर्यंतचा दाब, बर्फाच्या पाण्यातील गारठा, दाबाखालील शुद्ध ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे परिणाम तपासले गेले. उच्च दाबाखाली नायट्रोजनमुळे माणसाला धुंदी चढते आणि साधी गणितेही चुकतात, याची मोजमापे घेण्यात आली. शुद्ध ऑक्सिजनही दाबाखाली विषारी ठरतो आणि आकडी येते. अशाच एका आकडीत हॉल्डेन यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली आणि त्या दुखण्याने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. त्यांच्या कानाचे पडदेही फाटले. त्यांच्या सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्पर्वे यांनीही या प्रयोगांत भाग घेतला होता. स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रीन हे स्वतः शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. तेही स्वयंसेवक म्हणून कक्षात बसले.

या प्रयोगांतील सर्व जण प्रौढ होते. धोका कोणता, तो किती आणि तो कशासाठी पत्करायचा, हे त्यांना ठाऊक होते आणि नकार देण्याची मोकळीक होती. ज्याला प्रयोगाचा हेतू कळतो आणि जो आपल्या संवेदना अचूक सांगू शकतो, तोच उत्तम प्रयोगविषय होय, ही वडिलांची धारणा हॉल्डेन यांनी अशा रीतीने पुढे नेली.

राजकीय भूमिका व लोकांसाठी लेखन

हॉल्डेन यांचा कल समाजवादाकडे आणि पुढे साम्यवादाकडे झुकला. स्पेनमधील बाँबहल्ले पाहून आल्यावर त्यांनी सामान्य नागरिकांसाठी हवाई हल्ल्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून चळवळ केली व १९३८ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले. डेली वर्कर या वृत्तपत्रात त्यांनी विज्ञानावर शेकडो सुबोध लेख लिहिले. सोव्हिएत संघात लायसेंको यांच्या अशास्त्रीय मतांना राजाश्रय मिळून आनुवंशिकीविज्ञांचा छळ झाला. या प्रकरणी हॉल्डेन यांनी दीर्घकाळ स्पष्ट निषेध केला नाही, ही त्यांच्यावरील मोठी टीका आहे. १९५० च्या सुमारास ते साम्यवादी पक्षापासून दूर झाले. त्यांनी मुलांसाठी लिहिलेले एका जादूगाराच्या गोष्टींचे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना स्वतःला अपत्य नव्हते.

भारतातील वास्तव्य

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून हॉल्डेन १९५७ मध्ये हेलन यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. सुएझ कालव्यावरील ब्रिटिश कारवाईचा निषेध, हे देश सोडण्याचे एक कारण त्यांनी जाहीरपणे दिले होते. येथे त्यांनी भारतीय पोशाख आणि शाकाहार स्वीकारला, हिंदू तत्त्वज्ञानाचे वाचन वाढवले आणि भारतीय नागरिकत्व घेतले. महागड्या यंत्रांवाचूनही उत्तम जीवशास्त्र करता येते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या प्रोत्साहनाने कृष्ण द्रोणमराजू, सुरेश जयकर आदी तरुणांनी भारतीय परिसरातील वनस्पती व प्राणी यांवर संशोधन केले. टिटवीच्या अंडी उबवण्याच्या वर्तनाचे निरीक्षण हे त्याचे एक उदाहरण. संस्थेशी मतभेद झाल्यावर त्यांनी १९६१ मध्ये ती सोडली आणि १९६२ मध्ये ओडिशा शासनाच्या साहाय्याने भुवनेश्वर येथे आनुवंशिकी व जीवमिती प्रयोगशाळा उभारली.

मृत्यू

१९६३ च्या अखेरीस हॉल्डेन यांना गुदाशयाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाल्यानंतर रुग्णालयात असतानाच त्यांनी या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लक्षणे दिसताच लोकांनी लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे, हा तिचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला.

बालवयातील बुडी व आजचे नियम

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासाच्या गरजेनुसार हवा सोडणारे उपकरण तयार केले आणि स्कूबा डायव्हिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. कुस्तो यांनी आपल्या दोन्ही मुलांना बालवयातच या साधनासह पाण्यात उतरवले होते. आज महाराष्ट्रात मालवण व तारकर्लीच्या किनाऱ्यावर हजारो पर्यटक असा अनुभव घेतात. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. त्यामुळे मुलांनी कोणत्या वयात बुडी घ्यावी, हा प्रश्न येथील पालकांसमोरही उभा राहतो.

पॅडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संघटनेच्या नियमांनुसार खुल्या पाण्यातील प्रमाणपत्रासाठी किमान वय १० वर्षे आहे. आठ वर्षांच्या मुलांना केवळ तलावासारख्या मर्यादित पाण्यातच उतरता येते. १० व ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असून सोबत प्रशिक्षक किंवा प्रमाणपत्रधारक पालक असावा लागतो. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना प्राथमिक प्रमाणपत्रावर प्रमाणपत्रधारक प्रौढासह १८ मीटरपर्यंत जाता येते.

परवानगीच्या बाजूने असे सांगितले जाते की, मुले लवकर शिकतात, पाण्याची भीती जाते आणि सागरी जीवसृष्टीविषयी आस्था निर्माण होते. विरोधी बाजूची कारणे मुख्यतः वैद्यकीय आहेत. मुलांमध्ये घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका अरुंद आणि आडवी असते. त्यामुळे कानातील दाब समतोल राखणे कठीण जाते व पडद्याला इजा होऊ शकते. फुप्फुसांची वाढ बालपणात चालूच असते. श्वास रोखून वर आल्यास आतील हवा प्रसरण पावून फुप्फुसाला इजा होते आणि घाबरलेले मूल नेमके तेच करण्याचा संभव असतो. लहान शरीर पाण्यात लवकर गारठते. वाढत्या हाडांवर नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा काय परिणाम होईल, याविषयीही सावधगिरी बाळगली जाते. दमा, कानाचे विकार किंवा आकडी यांचा इतिहास असलेल्या मुलांनी तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बुडी घेऊ नये, असे मानले जाते. संकटात साथीदाराला मदत करण्याइतकी ताकद आणि परिपक्वता मुलात असते काय, हा आणखी एक आक्षेप आहे.

हॉल्डेन यांनी १९०६ मध्ये गाठलेली खोली आजच्या नियमांनुसार तेरा वर्षांच्या मुलाला अनुज्ञेय आहे. अनुज्ञेय नाही ती त्या बुडीची रीत. मापाबाहेरचा पोशाख, पूर्वप्रशिक्षणाचा अभाव आणि पाण्याखाली सोबतीला कोणी नसणे, या गोष्टी आज कोणतीही जबाबदार संस्था मान्य करणार नाही. म्हणून केवळ वय व खोली यांचे आकडे पाहून निर्णय घेणे अपुरे ठरते. साधने मुलाच्या मापाची आहेत काय, त्याच्या हाताच्या अंतरावर प्रशिक्षित प्रौढ आहे काय, आणि नको वाटल्यास नाही म्हणण्याची मुभा मुलाला खरोखर आहे काय, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. वडिलांचा शब्द हाच कायदा असलेल्या घरातील तेरा वर्षांच्या मुलाला अशी मुभा कितपत होती, याचा निर्णय करणे कठीण आहे.

स्वतः हॉल्डेन यांनी या बालपणाबद्दल वडिलांना दोष दिला नाही. उलट, आपल्या वैज्ञानिक घडणीचे श्रेय त्यांनी वडिलांना दिले. तथापि पुढे स्वतःच्या अधिकारात प्रयोग करताना त्यांनी दाबकक्षात मुलांना बसवले नाही. जोखीम समजून घेऊन ती स्वेच्छेने पत्करणारे प्रौढ त्यांनी निवडले आणि बहुधा सर्वांच्या आधी स्वतःला.